आत्याच्या मापाची गाडी

दिघीपासून चाकणपर्यंतच्या अख्ख्या पट्ट्यात, लोंबती वायर दिसली की जिच्या घशाखाली घास उतरत नाही अशी बाई एकच, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. भोसरीच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जुळवून, टेप गुंडाळून त्यांचे जुडगे बांधायच्या लाइनवर तिची सगळी नोकरी उभ्याने झाली. ती रिटायर झाली, पण हात झाले नाहीत. वायरी आवळायच्या त्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात ना, केबल टाय, त्यांचा पुडा तिच्या पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी कायम असतो. माझ्या लग्नात सप्तपदी चालू असताना आत्या कुठे दिसेना म्हणून आई शोधायला गेली, तर ही मांडवामागे इलेक्ट्रिशियनला समोर उभं करून त्याच्या वायरी स्वतः आवळून बांधत होती, आणि तो बिचारा पट्ट्या हातात देत होता. रहाटणीच्या आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आली तेव्हा तिने देव पाहिला नाही, ओटा पाहिला नाही. सरळ टीव्हीमागे डोकं घातलं आणि आतूनच विचारलं, हे कुणी केलंय. माझ्या बायकोने तत्काळ केबलवाल्यावर ढकललं, म्हणून आम्ही वाचलो.

उंचीने आत्या बेताची. बेताची म्हणजे किराणावाल्याला काउंटरपलीकडे तिचं कपाळ आणि कुंकू एवढंच दिसतं. पण आपण बुटक्या आहोत हे तिला कधीच मान्य नव्हतं. तिचं म्हणणं, लोकांना वस्तू उंच करायची खोड आहे. त्यामुळे दिघीतल्या तिच्या घरात प्रत्येक गोष्ट तिने आपल्या मापाला आणलेली. कपाटाचे पाय कापलेले, पंख्याचं बटण खाली घेतलेलं, कपड्यांची दोरी अशी की मी आत शिरलो की ती बरोबर माझ्या गळ्याला लागते. मी दरवेळी कळवळतो, आणि ती दरवेळी सांगते की बघून चालावं माणसानं.

तिचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणतो, हा अगदी वेगळा प्राणी. शांत, सावकाश, चार शब्दांत भागत असेल तर पाचवा न खर्चणारा. दोघांचं गाव चाकणच्या पुढे. मामाही कंपनीत होते, पण रविवार उजाडला की आत्याला मागे बसवून मोटारसायकलवर गावाला जायचे, पारावर जुन्या सोबत्यांत बसायचे आणि दुपारी परत यायचे. हा नेम कधी चुकला नाही. मग काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खायला सुरुवात केली. आधी नळीतून बघावं तसं दिसायचं, पुढे नळीही अरुंद होत गेली. गाडी विकली आणि मामा घरात बसले. मी कारने नेतो म्हणालो, तर म्हणाले, तुझ्या सवडीनं जायचं तर ते जाणं कसलं. एकदा एका नातेवाइकाने स्कूटरवर बसवून नेलं, तर भोसरीच्या अलीकडे एका खड्ड्यात दोघे आडवे झाले. लागलं फारसं नाही, पण त्या लहान चाकांवरचा मामांचा विश्वास उडाला तो उडालाच. पारावरच्या सोबत्यांपैकी एक जण मधल्या काळात वारला. ते कळलं त्या दिवशी मामा नुसतेच खिडकीशी बसून राहिले, असं आत्याने मला सांगितलं.

त्याच सुमारास ती त्यांना म्हणाली की मी गाडी चालवायला शिकते. मामा म्हणाले, "स्कूटरवर मी बसणार न्हाई. मोटारसायकल शिकलीस तर बघू." माझी खात्री आहे, त्यांनी हे विषय मिटवण्यासाठी म्हटलं होतं. पण आत्याला एखादी गोष्ट अशा अटीवर सांगणं म्हणजे तिला सुपारी देण्यासारखं आहे. पुढच्याच आठवड्यात एक जुनी, लहान इंजिनाची मोटारसायकल तिच्या दारात उभी राहिली. चाकणच्या कंपनीतला कुणी पोरगा नोकरी सोडून गावी निघाला होता, त्याची. आत्या मोठ्या दिमाखात वर चढून बसली आणि तिचे दोन्ही पाय हवेत लोंबकळू लागले. शेजारणी हसल्या. आत्या हसली नाही. ती खाली उतरली, शिवणाची टेप आणली, आधी स्वतःचा पाय मोजला, मग सीट मोजली, आणि मोठी चूक सापडावी तशी म्हणाली, "व्हय, ही गाडीच उंच हाय."

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला मेकॅनिक लातूरकडचा. तो म्हणाला, "मावशी, कशाला एवढं करायलाव? स्कूटर घ्या की." तिने त्याला मामांची अट सांगितली, भोसरीचा खड्डा सांगितला, मामांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय काय सांगितलं तेही सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्याकडे आलेली दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली, तेव्हा तो हो म्हणाला. चॅसी कापू या म्हणाला, तर तिने ठाम नकार दिला. सांगाड्याला हात लावायचा नाही, बाकी काय ते कर. मग सीटचा फोम तासून पातळ झाला, पुढच्या चाकाचे दांडे थोडे वर सरकवले गेले आणि मागचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, काढून आखूड बसवले. गाडी खाली आली. आत्याचे चवडे जमिनीला लागले. तिने पेढे वाटले.

मात्र गाडी खाली आली तरी तिचं साइड स्टँड होतं तेवढंच राहिलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. स्टँडवर लावली की गाडी डावीकडे कलण्याऐवजी ताठ उभी राहायची, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखी. तशी ती सकाळभर राहिली आणि दुपारी वाऱ्याच्या एका झुळुकीने उलट्या बाजूला, थेट शेजारणीच्या वाळवणावर कलंडली. सांडग्यांत रुतलेला आरसा मी स्वतः पाहिला आहे. आत्याने शेजारणीला नवे सांडगे घालून दिले आणि स्टँड कापून घेतलं. त्या दिवसापासून कुठलीही वस्तू आखूड करताना तिच्या टेकूचाही विचार करावा, असं ती भेटेल त्याला सांगते. लग्न ठरलेल्या माझ्या चुलतबहिणीलाही तिने हेच सांगितलं. ती बिचारी अजून अर्थ लावते आहे.

वायरिंगला मात्र तिने मेकॅनिकला हात लावू दिला नाही. आधीच्या मालकाने त्या गाडीला लुकलुकणारे दिवे, रुग्णवाहिकेसारखा हॉर्न आणि काय काय जोडलं होतं, आणि सगळ्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. टाकी काढून आत्याने खालचा गुंता पाहिला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "ह्या पोराला घरात कुणी बोलणारं न्हवतं का?" सगळं उपसून तिने घरच्या फरशीवर पसरलं आणि नव्याने जुळवायला बसली. समोर मामा. त्यांच्या हातात ती एकेक टोक द्यायची, ते धरून बसायचे. हा कुठला रंग, ते विचारायचे. हिरवा, उजव्या इंडिकेटरचा, ती सांगायची. थोड्या दिवसांत मामा नुसत्या बोटांनी जुडगा चाचपून इथं ढिलं आहे म्हणून सांगू लागले. मी एकदा गेलो तर दोघे त्यावरून कडाकडा भांडत होते. कितीतरी दिवसांनी त्या घरात मामांचा चढा आवाज ऐकला.

गाडी शिकायला ती दिघीच्या एका मोकळ्या मैदानात जायची. पंजाबी ड्रेस, हेल्मेट, आणि बरोबर ती शिवणाची टेप. शिकली लवकर, कारण इंजिनाचा आवाज बदलला की काय करायचं हे तिच्या कानाला उपजतच कळायचं. मग एके दिवशी मला बोलावलं. मामांना बसवायच्या आधी वजन लावून बघायचं होतं, आणि त्यासाठी घरातला सर्वांत जड माणूस मी. मी डबलसीट बसलो, गाडी निघाली आणि पहिल्याच उंचवट्यावर खालून करकर आवाज आला. मागचं चाक मडगार्डला घासत होतं. पुन्हा बसलो, पुन्हा घासलं. मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं की आखूड शॉकअपवर एकच माणूस जाईल. तुमचे पाय टेकवायचे तर मामांना बसवता येणार नाही, मामांना बसवायचं तर तुमचे पाय टेकणार नाहीत. दोन्हीतलं एक धरा, मावशी.

आत्या गॅरेजच्या पायरीवरच बसली. गाडी विकून टाकू का, असं तिने मला विचारलं, आणि ते मला विचारलेलं नव्हतं हे मला कळत होतं. मी आपला चहा सांगितला. चहा आला, तिने घेतला नाही. समोरच्या रस्त्याने शिफ्ट सुटलेले कामगार चालले होते. ती खाली मान घालून त्यांचे पाय बघत राहिली आणि एकाएकी उठून घरात गेली. बाहेर आली ती कंपनीतले आपले जुने सेफ्टी शूज घेऊन. लोखंडी टोकाचे, दगडासारखे. ते तिने चांभाराकडे नेले आणि त्यांना खालून टायरच्या रबराचे असे जाड तळ लावून घेतले की ती माझ्या खांद्याला लागायला लागली. मागचे मूळचे शॉकअप परत बसले. सीट फक्त तिच्या बाजूला पातळ राहिली, मामांच्या बाजूला नवा फोम आला. जाड बूट गिअरच्या खटक्याखाली जाईना, म्हणून खटका वर घेतला. ते बूट सवयीचे व्हावेत म्हणून आठवडाभर आत्या साडीवर तेच घालून घरात स्वयंपाक करत होती. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारून गेले, काही बांधकाम चालू आहे का.

लायसनची परीक्षा ती पास झाली. तिथल्या साहेबांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग तिला आठचा आकडा काढायला सांगितला. तिने काढला. बाकी तिने काही सांगितलं नाही, फक्त त्यांच्या टेबलाखालच्या वायरींची दशा सांगितली.

मग एका रविवारी सकाळी ती मामांना म्हणाली, चला. मामांनी सीट चाचपली, मागची दांडी चाचपली, आणि मागे बसले. मी स्कूटरवरून त्यांच्या मागे. रविवार म्हणून रस्त्यावर कंटेनरचे ट्रक कमी होते तरी होतेच. आत्या आपली डाव्या बाजूने, धडधडत्या बैलगाडीच्या धीराने चालली होती. गावात पारावरचे लोक उठून उभे राहिले. कोणी आणलं रे तुला, एकाने विचारलं. मामा म्हणाले, "मालकिणीनं." त्या एका शब्दानंतर ते छाती काढून बसले ते थेट जेवणापर्यंत. गेलेल्या सोबत्याच्या घरीही जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी आणि आत्या अंगणात होतो.

परतताना त्यांनी आपल्या जुन्या शेताशी थांबायला सांगितलं. ते शेत केव्हाच दुसऱ्याचं झालं होतं. आत्या थांबली आणि म्हणाली, इथं आता गोदाम हाय. कशाचं, मामांनी विचारलं. तिला माहीत नव्हतं. ती मला गाडी धरायला सांगून त्या बुटांनी दणदण चालत गेली, वॉचमनला विचारून आली आणि म्हणाली, टायरचं.

"आन् बांधावरची बाभळ?"

"न्हाई."

मामांनी मान हलवली. म्हणाले, "बाकी समदे म्हनत्यात, हाय तसंच हाय. तू तेवढी खरं सांगतीस."

नंतर मी आत्याला विचारलं की येताना वाटभर तुम्ही दोघं बोलत काय होतात. ती म्हणाली, कुणाला ठाऊक, हेल्मेटात काय ऐकू येतंय, त्यांचं मला कळलं न्हाई, माझं त्यांना. पण मी मागून बघत होतो. चाकण सोडल्यापासून मोशीपर्यंत ती दोन हेल्मेटं एकमेकांकडे कलून हलत होती, कधी हो म्हणत, कधी नाही. एके ठिकाणी मामांनी हात लांब करून डावीकडे काहीतरी दाखवलं. मला तिथे एका कंपनीची लांबलचक भिंत तेवढी दिसली. आत्याने मात्र गाडीचा वेग कमी केला, आणि मान वळवून नीट पाहिलं.