आवाज तोंडाने काढून दाखवावा

सायलेन्सर दुरुस्तीच्या त्या गॅरेजात भिंतीवर एकच पाटी होती: 'आवाज तोंडाने काढून दाखवावा.' गिऱ्हाइकाला आधी ती थट्टाच वाटे. पण दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते, तशी गाडीही मेकॅनिकसमोर साळसूद होते, हे मालकाला पुरतं ठाऊक होतं. लोक त्याला कानसेन म्हणत. ज्यांच्यापुढे कचेरीत कुणाची खोकायची टाप नव्हती, असे भले भले त्याच्या स्टुलावर बसून 'भुर्र' आणि 'फटफट' करत. कानसेन हसत नसे. गिऱ्हाईक लाजलं की आवाज चुकतो.

'घर्र' म्हणजे सायलेन्सरला भोक. 'खुळखुळ' म्हणजे आतला पत्रा सुटलेला. खड्ड्यात 'ढप्' झालं की पाइप टांगणारं रबर तुटलेलं. आणि सकाळी टकटक करून गाडी तापल्यावर गप होत असेल, तर इंजिनाजवळच्या सांध्यातली चकती, म्हणजे गॅस्केट, फुटलेलं. लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते. अशा वेळी त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "रात्रभर इथेच राहू द्या. तापलेली गाडी खोटं बोलते."

बोलण्याची त्याला फारशी हौस नव्हती, पण एका माणसाशी बोलायला तो आतून तडफडत होता. तो म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दादा निवृत्त मुख्याध्यापक. उभा जन्म पोरांना 'आवाज नको' म्हणण्यात गेलेला. वडील, म्हणजे आप्पा, गेल्यावर त्यांची जुनी गाडी दादाच्या अंगणात उभी होती. तिच्याच खाली उताणं पडून कानसेन हे काम शिकला होता. आप्पा बॅटरी धरत आणि सूचना देत, बहुतेक चुकीच्या. एका दुपारी दादाने ती गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली. संध्याकाळी कानसेन गेला, तर फरशीवर तेलाचा डाग तेवढा शिल्लक.

"विचारायचं तरी होतंस," तो म्हणाला.

"त्यात विचारण्यासारखं काय होतं?" दादा म्हणाला.

तिथून जी अळीमिळी गुपचिळी सुरू झाली, ती वर्षानुवर्षं. घरं एकाच गल्लीत. दोघांच्या बायका रोज भेटत आणि नवऱ्यांनी न दिलेले निरोप एकमेकींना पोचवत. पहिला शब्द दादाने बोलायचा, असा कानसेनचा हट्ट होता. तो मूर्खपणाचा आहे हे त्याला कळत होतं, पण कळून कुणाचा हट्ट सुटलाय?

मग एका संध्याकाळी दादाची गाडी गॅरेजात शिरली. वहिनी उतरल्या. दादा सीटवर ढिम्म.

"भावोजी, गाडी आवाज करते म्हणतात हे."

"कसा?"

वहिनींनी पाटी वाचली, घसा खाकरला आणि "खडखड" म्हणाल्या. ते गाडीपेक्षा डब्यातल्या चमच्यांसारखं वाटलं.

कानसेनने मागच्या पाइपाच्या तोंडात चिंधी दाबून इंजिन चालू ठेवायला लावलं. फट असती तर कुठूनतरी फुसफुसलं असतं. काही नाही. इंजिन बंद करवून गाडी जॅकवर चढवली. सगळी रबरं हलवून पाहिली. सायलेन्सरवर रबरी हातोडी मारली, तर निरोगी 'ठप'. गाडी ठणठणीत होती.

"वहिनी, तुम्ही ऐकलाय का हा आवाज?"

"मला कुठला ऐकू यायला? यांनाच येतो."

"मग ज्याला येतो त्यानेच काढायचा. पाटी सगळ्यांना सारखी."

दादाने पाटी वाचली. मग उतरला, स्टुलावर बसला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि वार्षिक निकाल वाचावा तशा चेहऱ्याने म्हणाला,

"टकटकटकटक... फुस्स... टकटक... ढप्."

कानसेनच्या हातातला पाना थांबला. फुटलेलं गॅस्केट, गळका सांधा, तुटलेलं रबर. ही तिन्ही दुखणी एकदम घेऊन फिरणारी एकच गाडी त्याने पाहिली होती. रोज पहाटे आप्पा ती सुरू करत आणि आतल्या खोलीत दोघा भावांची झोप मोडे. तिच्या आता कढया झाल्या असतील. दादाने आवाज अगदी हुबेहूब काढला होता. फक्त शेवट राहिला होता.

दादा अजून एकही शब्द बोललेला नाही, हेही त्याच्या ध्यानात होतं. म्हणून तोही शब्द बोलला नाही.

"ठो!" त्याने केलं. आप्पांची गाडी बंद केली की मागून एकदा तसा बार काढायची.

"हां," दादा म्हणाला. "तेच आठवत नव्हतं." मग चष्मा चाचपत म्हणाला, "पहाटे जाग येते रे. आवाज येत नाही म्हणून जाग येते. तुला विचारायला हवं होतं मी."

"सापडलं का काही?" वहिनींनी विचारलं.

"थंड असताना बघावं लागेल," कानसेन म्हणाला. "गाडी राहू दे इथेच. दादा, तू सकाळी ये."

सकाळी दादा चालत आला. कानसेनने बोनेट उघडलं, किल्ली फिरवली आणि दोघे भाऊ शेजारी कान लावून उभे राहिले. इंजिनातून एकसारखी, कंटाळवाणी घरघर येत होती. गाडी पुरती तापेपर्यंत दोघांनी ती ऐकली.