जहाजावरचे तीन उंट

आमच्या हॅम्बुर्ग बंदरात लाँचवरून पाहुण्यांना फिरवणाऱ्याने थापा मारायच्या, असा जुना रिवाज आहे. निम्मं खरं, निम्मं रचलेलं. थाप पकडली की लोकांनी ‘थापाड्या!’ म्हणून ओरडायचं आणि फिरवणाऱ्याने छातीवर हात ठेवून दुखावल्याचं सोंग करायचं. गुडघ्यांनी नाटक सोडायला लावल्यावर मला हे काम मिळालं आणि वाटलं, देव अजून नटांवर प्रसन्न आहे. पडदा नाही, पण बाकं भरून माणसं आहेत, आणि एल्बे नदीसारखं नेपथ्य कुठल्या थिएटरला परवडलंय?

त्या एप्रिलच्या सकाळी पहिल्या बाकावर गेशे बेनकेन बसली होती. शेजारी तिचा नवरा हार्म. दोघंही सत्तरीपलीकडची, ल्यूनेबुर्गच्या माळरानावरच्या एका खेड्यातली. लाँच सुटायच्या आत गेशेने मला सगळा संसार सांगून टाकला. हार्म गवती छपरं शाकारायचा. लग्न झालं तेव्हा म्हणाला होता, तुला बंदर दाखवीन. पण छपरांची कामं निघतात ती उन्हाळ्यात, आणि सहलीही उन्हाळ्यातच.

“दर वर्षी कुणाचं तरी छप्पर माझ्याआधी,” गेशे म्हणाली.

“छपराला तोंड नसतं. म्हणून त्याचं आधी बघावं लागतं,” हार्म म्हणाला.

“मलाही नसतं तर बरं झालं असतं, नाही का?”

“गावाला बरं झालं असतं.”

ती खळखळून हसली. एवढ्या वर्षांनी, त्या मार्चमध्ये, तो आपण होऊन म्हणाला, चल, दोन दिवस जाऊन येऊ. गेशेने नवा निळा कोट घेतला होता. त्याचं वरचं बटण ती सारखी चाचपत होती.

लाँच निघाली. ऊन स्वच्छ होतं, पाणी चकाकत होतं. डाव्या हाताला एक अजस्र मालवाहू जहाज उभं होतं. थाप मारायची माझी ठरलेली जागा आली. मी आवाज खाली आणला.

“मंडळी, या जहाजावर कंटेनरच्या सगळ्यात वरच्या रांगेत बघा. तीन उंट. माना दिसताहेत ना? नॉर्वेला निघालेत, हवापालटाला.”

लोकांनी ओरडायला श्वास घेतला, तेवढ्यात हार्मने हात उंचावला. “दिसले, दिसले! गेशे, तो मधला बघ, केवढा उंच आहे!”

लाँचभर हशा उसळला. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं, मला जोडीदार नट मिळाला! पण गेशे हसली नाही. हार्मचं बोट उजवीकडे होतं, पलीकडच्या काठावरच्या क्रेनकडे. गेशेने ते बोट पाहिलं, मग त्याचे डोळे पाहिले.

“थापाड्या!” लोक ओरडले. हार्मचा हात हळूच खाली आला.

तो हात तिने आपल्या मांडीवर घेतला. “कधीपासून?”

“शरदात सुरू झालं. आता उजेड आणि सावल्या कळतात. बाकी धुकं.” तो हळू बोलत होता, पण मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

“घरात तर सगळं नीट चालतं तुझं.”

“घर पाठ आहे मला.”

“म्हणून हिवाळाभर वर्तमानपत्र मला मोठ्याने वाचायला लावलंस! मला वाटलं, म्हातारपणी माझा आवाज आवडायला लागला.”

“तोही आवडतो.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर इथेही माझ्याकडेच बघत बसली असतीस. म्हटलं, हिने एकदा तरी मला न सांभाळता बंदर बघावं.”

“गाढव आहेस,” गेशे म्हणाली. पण त्याचा हात सोडला नाही.

मला राहवेना. माईक उचलून मी म्हणालो, “बाई, आता थापा बंद. साहेबांसाठी मी सगळं खरं खरं वर्णन करतो.”

“तुम्ही जरा गप्प बसा,” ती म्हणाली. “याला मी दाखवते.”

रंगमंचावर दिग्दर्शकालाही मला गप्प करता आलं नव्हतं. मी माईक खाली ठेवला.

“एक जहाज आहे,” गेशेने सुरुवात केली. “लाल. खालून गंजलेलं. लांबी म्हणशील तर आपल्या चर्चपासून लोहाराच्या कुंपणापर्यंत.”

“काहीतरीच!”

“खरंच सांगते. आणि वर एक माणूस कपडे वाळत घालतोय.”

“कसले कपडे?”

“चड्ड्या. निळ्या. मोठ्या मापाच्या.”

हार्म हसला, तसा सगळ्या बाकांवर हशा पिकला. आमच्या लाँचचा चालक फीटे याने न सांगता इंजिन मंद केलं.

“बाई, जरा मोठ्याने!” मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. गेशे लाजली, पण आवाज चढवला. तिच्याजवळ शब्द थोडेच होते. मोठं, खूप मोठं, आणि ‘अरे देवा’. पण ‘अरे देवा’ ती ज्या जहाजाला म्हणाली, त्याच्याकडे सगळ्यांनी माना वळवल्या. मीही वळवली. रोज बघतो मी ते जहाज.

लाँच धक्क्याला लागली. फीटेने दोर बांधला, फळी टाकली. कुणी उठेना.

“पुढचं सांग,” हार्म म्हणाला, आणि गेशे पलीकडच्या पांढऱ्या बोटीबद्दल सांगू लागली.