दोन डब्या आणि ताईचं भजन

दुकानाच्या काउंटरवर दोन काळ्या डब्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. कॉम्प्युटरमध्ये गाणं नुसत्या आकड्यांत साठवलेलं असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या या डब्या, म्हणजे डॅक. दुकानदार म्हणाले, "तुमच्या कानात मुरलेलं काहीतरी लावा, म्हणजे फरक कळेल."

मी लॅपटॉपवर ताईचं भजन लावलं. ताई जाऊन बरीच वर्षं झाली. हे तिने घरीच पेटी घेऊन गायलेलं, कॅसेटवरून उतरवून घेतलेलं. साध्या डबीतून नेहमीचीच ताई आली. मग दुकानदारांनी वायर भारी डबीला जोडली, आणि दोन ओळींच्या मध्ये काहीतरी घरघरलं.

"बघा, श्वाससुद्धा ऐकू येतो!" ते खुशीत म्हणाले.

ओळीच्या शेवटी ताई सूर अर्धवट सोडायची. गाण्याच्या बाई म्हणायच्या, रियाज कमी पडतोय. आम्हीही तेच धरून चाललो. छातीचं दुखणं कळलं ते फार नंतर. कॅसेटमध्ये मात्र ते तेव्हापासूनच होतं. आमची यंत्रंच बहिरी. पण जे ऐकून आता काहीच करता येत नाही, ते इतकं स्वच्छ ऐकून करायचं काय?

मी साधी डबी बांधून द्यायला सांगितली.

"फरक कळला नाही का?"

"कळला ना."

आता संध्याकाळी घरात ताई गाते. साध्या डबीतून तो श्वास येत नाही. तरी प्रत्येक ओळ संपली की मला तो ऐकू येतो.