सुतळीत बांधलेली चिंबोरी

नवऱ्याशी भांडून मी गोडदेवला आईबाबांकडे आले, तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "मारतो का?" मी नाही म्हटलं. "पितो?" नाही. "मग?"

या 'मग'चं उत्तर मला देता येईना. त्यानं मला नोकरी सोडायला लावली होती, माझा मोबाईल तो रोज तपासायचा, कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही हेही तोच ठरवायचा. पण हे एकेक करून सांगायला लागलं की फारच किरकोळ वाटायचं, माझं मलासुद्धा. आई म्हणाली, "पदरी पडलं पवित्र झालं," आणि मला न विचारता तिनं जावयाला फोन केला. रविवारी येऊन हिला घेऊन जा म्हणाली. मला इतका राग आला की मी त्या रात्री जेवलेच नाही.

जावई येणार म्हणजे चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, हव्यातच. आई मुर्ध्याची, खाडीकाठी वाढलेली. जावयाला चिंबोरीचं कालवण घातलं नाही तर तो उपाशीच गेला, असं तिच्या माहेरी धरतात. शनिवारी ती मुर्ध्याला जाऊन चार जिवंत चिंबोऱ्या घेऊन आली, नांग्या सुतळीनं करकचून बांधलेल्या. सोबत कॅनमध्ये खाडीचं पाणी. जावयाच्या कौतुकात बाईनं कॅलेंडर मात्र बघितलं नव्हतं. रविवारी सकाळी बाबांनी चहा पितापिता सांगितलं, आज एकादशी आहे. आईनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी तिचा सोमवार. पुन्हा फोन झाला, जावई मंगळवारवर गेला, आणि चिंबोऱ्या बाथरूममधल्या बादलीत राहिल्या.

मंगळवारी सकाळी मी तोंड धुवायला गेले आणि किंचाळले. बादलीत पाच चिंबोऱ्या होत्या.

पुन्हा मोजल्या. पाचच. त्यातली एक अजिबात हलत नव्हती. मेली असेल म्हणून मी भीतभीत उचलली, तर हातात वजनच लागेना. पाय, डोळे, नांग्या, सगळं जागच्या जागी. नांग्यांवर सुतळीही तशीच. फक्त पाठीमागून फट पडलेली आणि आत काहीच नाही. बादलीच्या कडेला अंग चोरून एक फिकट चिंबोरी बसली होती, या रिकाम्या कवचापेक्षा चांगली मोठी. तिच्या नांग्या मोकळ्या होत्या.

मी गाठ ओढून बघितली. पक्की होती. कुणी सोडली नव्हती, कुणी कापली नव्हती. बांधलेलं सगळं तिथंच ठेवून ती मागच्या मागे निघून गेली होती.

माझ्या किंचाळण्यानं आई धावत आली. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "अंगात मावंना की टाकतात कवच," ती म्हणाली. मी हात मागे घेतला तशी म्हणाली, "चावत न्हाय आता. मऊ हाय अजून. बाजूच्या टोपात काढ तिला, न्हायतर बाकीच्या तुडवतील."

मी तिला दोन्ही हातांनी उचललं. खरंच मऊ होती, बोट दाबलं तर रुतलं असतं. मी सुन्न झाले. आजवर मला वाटायचं, एक दिवस आपण घट्ट होऊ, धीर येईल, आणि मग बोलू. इथे तर सगळं उलटंच होतं. आधी बाहेर पडायचं, तेही असल्या अंगानं, आणि घट्ट व्हायचं ते त्यानंतर. मला याची भयंकर भीती वाटली. आई माझ्याकडे बघत होती. मग तिनंच टोप माझ्यापुढे सरकवला.

दुपारी नवरा आला. उरलेल्या तीन चिंबोऱ्यांचं कालवण झालं होतं. पहिला घास घेता घेता त्यानं विचारलं, "बॅग भरलीस ना?"

"मी येत नाहीये," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की तो हसला. मग आईकडे वळून म्हणाला, "मम्मी, जरा समजवा तिला."

आई काय बोलणार हे मला पाठ होतं. तिनं त्याच्या ताटात भात वाढला, भातावर कालवण घातलं.

"पोटभर जेवा," ती म्हणाली, "आन् मग एकटेच जा. पोरगी न्हाय येणार."

बाबांचा घास हातातच राहिला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नवरा आधी आईकडे, मग माझ्याकडे बघत राहिला, ताट सरकवून उठला आणि दार आपटून गेला.

मी वळून बघितलं. मला वाटलं होतं, आई कमरेवर हात ठेवून उभी असेल. ती ओट्याला धरून थरथर कापत होती.