डाव्या बाजूचा बावटा

दौंडच्या रेल्वे यार्डात डबे जोडण्या-सोडवण्याचं, शंटिंगचं इंजिन चालवणारा शलमोन सकाळी तोंड धुवायला वाकला आणि त्याचा डावा डोळा फुंकर मारल्यागत विझला. ना दुखलं, ना खुपलं. उजवा डोळा झाकून पाहिलं, तर नुसता अंधार.

दुसरा कुणी असता तर बोंब मारत दवाखान्यात पळाला असता. पण हा पडला रेल्वेचा ड्रायव्हर! डोळा अधू झाल्याचं साहेबाला कळलं की इंजिनावरून कायमचं खाली. आणि खाली उतरून जायचं कुठं? बायको मेरी वारली, पोरबाळ नाही. क्वार्टरात बोलायला चार भिंती. जी काय माणसं होती, ती यार्डातच. त्यातला रूळ बदलणारा, डबे जोडणारा कोंडिबा पॉइंट्समन तर त्याला मामा म्हणायचा, आपल्यातली अर्धी भाकरी द्यायचा. हे सुटलं तर जगायचं कुणाच्या जिवावर? 'येईल आपोआप दिसायला,' असं मनाला बजावत हा शहाणा इंजिनावर चढला.

दुपारी डबे जोडायला कोंडिबा डाव्या बाजूनं दोन डब्यांच्या मधे शिरला. काहीतरी अडलं, म्हणून त्यानं हात बाहेर काढून लाल बावटा हलवला. शलमोनला कुठला दिसतोय! इंजिन मागं सरकतच राहिलं. फायरमन किंचाळला तेव्हा कुठं शलमोननं ब्रेक मारला. कोंडिबा कसाबसा बाहेर पडला, पांढराफटक.

शलमोन खाली उतरला. "कोंडिबा, माझा डावा डोळा गेलाय रं. सकाळधरनं."

संध्याकाळच्या गाडीनं कोंडिबानंच त्याला पुण्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी डोळा तपासला. "डोळ्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं नवं औषध आलंय, शिरेतून देऊन बघू. पण रक्तावाचून डोळ्याचा पडदा काही तासच तग धरतो हो! सकाळीच का नाही आलात?"

बाटली टांगली. थेंबाथेंबानं औषध गेलं. शलमोननं येशूचा धावा केला. डॉक्टर मधूनमधून येऊन डोळ्यापुढं दिवा धरत. अंधार काही हलला नाही.

कोंडिबा खाटेपाशी बसून होता. म्हणाला, "मामा, मला तरी सांगायचं हुतं."

"सांगितलं असतं तर इंजिन गेलं असतं. आन् तुमी समदी बी."

"आन् मी डब्यांत चिरडलो असतो, तर?"

कोंडिबानं टोपी घातली, पिशवी उचलली आणि दाराकडं निघाला.

'थांब रं जरा,' एवढंच म्हणायचं होतं शलमोनला. पण कोणत्या तोंडानं म्हणणार?