चाळीस बॉक्सचं ऑपेरा हाउस

मी पोट भरते ते इटलीवर, आणि अजून तिथे पाऊल ठेवलेलं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका टूर कंपनीत मी मराठी माहितीपत्रकं लिहिते. दिवस चौथा: नाश्ता, ऐतिहासिक ऑपेरा हाउसचं बाहेरून दर्शन, दुपारी भारतीय जेवण. बाहेरून दर्शन हे माझं डोकं. आत नेलं तर तीन तास बसावं लागतं, जेवणाची वेळ टळते आणि मग लोक मुंबईत उतरल्या उतरल्या तक्रार करतात. उन्हाळ्यात तिकडे जुन्या रोमन आखाड्यात उघड्यावर ऑपेराचा महोत्सव असतो, दगडी पायऱ्यांवर बसून ऐकायचा. त्या पानावर मी 'गुडघेदुखी असल्यास सोबत उशी ठेवावी' असंही टाकलेलं आहे.

माझे वडील त्याच वागळे इस्टेटमध्ये पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. तो नमुना बाबा करायचे. शेजारच्या शेडमध्ये प्रेस होते, दिवसभर धाडधाड. रिटायर झाले तेव्हा कान जवळजवळ गेलेले. श्रवणयंत्र आहे, पण ते कपाटात आईच्या फोटोमागे एका डबीत असतं. 'ते लावलं की सगळे एकदम बोलतात,' असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांना काही सांगायचं तर कागदावर लिहून द्यायचं. ते वाचतात आणि दाराशेजारच्या खिळ्यात खुपसून ठेवतात.

मी मात्र ओरडते. माझा स्वभावच तसा, आणि लिहायचं काम ऑफिसात पुरे होतं.

गेल्या वर्षी ओरडायला कारण होतं. वर्तकनगरची आमची सोसायटी, चार मजले, चाळीस घरं, लिफ्ट नाही, रिडेव्हलपमेंटला गेलेली. दसऱ्यापर्यंत घरं रिकामी करायची होती. आई जाऊन दोन वर्षं झालेली, बाबा एकटे. माझं म्हणणं सरळ होतं, नवी बिल्डिंग होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे डोंबिवलीला राहायचं. त्यांनी परस्पर विठ्ठलवाडीला एक खोली बघून ठेवलेली. दुसरा मजला, एकट्याने. मी दर रविवारी जाऊन घसा फोडून सांगायचे, "तुम्ही डोंबिवलीला येताय, विषय संपला." ते रंधा मारत म्हणायचे, "गणपतीनंतर बघू."

गणपतीची भानगड वेगळीच होती. या आवारातला हा शेवटचा गणपती, म्हणून आरास जोरदार हवी, असं मीटिंगमध्ये ठरलं. आदल्या वर्षी चांद्रयान झालेलं, त्याआधी केदारनाथ दोनदा. मी बाबांना दाखवायला म्हणून ऑपेरा हाउसचे मोठे फोटो प्रिंट करून आणलेले. माझा हेतू एवढाच, की मी दिवसभर काय करते ते त्यांना कळावं. त्यांनी भिंग घेतलं, फोटोवर अर्धा तास झुकून बसले आणि म्हणाले, "हे सगळं लाकूड आहे." घोड्याच्या नालेसारखा आकार, एकावर एक मजले, मजल्यावर ओळीने छोटे छोटे बॉक्स, समोर स्टेज. गाणं कसं असतं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

मीटिंगमध्ये ते उभे राहिले आणि जाहीर केलं, की आरास मी करणार, ऑपेरा हाउस, स्टेजवर गणपती, लाकूड माझं. सेक्रेटरी काका सरकारी खात्यातून रिटायर झालेले, त्यांना सगळं मिनिट्समध्ये घ्यायची सवय. त्यांनी विचारलं, "ऑपेरा म्हणजे नेमकं काय, ते नोंदवावं लागेल." मी सांगितलं, की संगीत नाटकासारखं, फक्त माइक नाही आणि शेवटी कोणीतरी मरतंच. 'मरतंच' त्यांनी नोंदवलं नाही.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला माहिती पाजळायची खाज. मी सांगून बसले, की पूर्वी इटलीत हे बॉक्स त्या त्या घराण्यांच्या मालकीचे असायचे. विकत घ्यायचे, मुलांना वारसाहक्काने द्यायचे, आत स्वतःचे पडदे लावायचे, जेवायचेसुद्धा. सेक्रेटरी काकांनी पेन खाली ठेवलं आणि बाबांकडे बोट करून चार बोटं, मग दहा बोटं दाखवली. बाबांनी मान हलवली. चार मजले, मजल्यावर दहा बॉक्स, म्हणजे चाळीस.

"म्हणजे फ्लॅटमागे एक," काका म्हणाले. "वाटप कसं करणार?"

इथून जे सुरू झालं त्याला माझ्याकडे शब्द नाही. नव्या बिल्डिंगमध्ये कोणाला कुठला फ्लॅट, हे बिल्डर सांगत नव्हता. वर्षभर लोक आतल्या आत धुमसत होते. आता कंबरभर उंचीच्या आराशीत त्यांना वाटपाची संधी मिळाली आणि सगळे तुटून पडले. बाबांना ऐकू येत नाही, तेव्हा जो तो अर्ज लिहून आणायला लागला. 'आमचा बॉक्स पूर्वाभिमुख असावा.' 'जुन्या घरात टॉयलेटशेजारी वर्षं काढली, निदान इथे कोपरा नको.' चौथ्या मजल्यावरच्यांनी लिहिलं, की चाळीस वर्षं जिने चढलो, आता तळाला द्या. पहिल्या मजल्यावरच्यांकडे तीच चाळीस वर्षं वरचं पाणी गळत होतं, त्यांना सगळ्यात वर हवं होतं. एका घरमालकाने नवी मुंबईहून अर्ज पाठवला, की बॉक्स मालकाच्या नावे असावा, भाडेकरूच्या नाही. भाडेकरूने त्याच दिवशी स्वतंत्र अर्ज दिला. तिसऱ्या मजल्यावरचे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांनी एकाच कागदावर वेगवेगळ्या शाईत लिहिलं, की मध्ये पार्टिशन टाकावं. एकाने तर विचारलेलं, की वीतभर लांबी ही कार्पेट एरिया की बिल्टअप.

खिळा भरला, तेव्हा बाबांनी दुसरा ठोकला.

मी मोठी चूक केली ती पुढच्या मीटिंगला. वैतागून म्हटलं, अहो, तिकडचं एक ऑपेरा हाउस दोनदा जळलं, दोन्ही वेळा लोकांनी ते होतं तिथेच, होतं तसंच परत बांधलं, आणि तुम्ही वीतभर खोक्यांवरून भांडताय. मला वाटलं लाजतील. सेक्रेटरी काका पुढे सरकून बसले. "होतं तसंच? म्हणजे एरिया कमी केला नाही? आणि बांधकाम चालू असताना बॉक्सवाल्यांना भाडं कोण देत होतं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी बिल्डरला पत्र धाडलं, की परदेशात जुन्या रहिवाशांना होती तशीच जागा मिळाल्याची उदाहरणं आहेत. बिल्डरचं उत्तर आलं नाही. मला त्या बिल्डरची दया आली, हे मी कबूल करते.

या सगळ्यात बाबा शांतपणे काम करत होते. हॉलमध्ये पलंग उभा करून ठेवलेला, जमिनीवर भुसा, आणि मध्ये ते थिएटर वाढत चाललेलं. एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या मावशी भाजी द्यायला आल्या, त्यांनी थिएटर पाहिलं, दार पाहिलं आणि मला म्हणाल्या, "अगं, हे बाहेर कसं जाणार?" खरंच, थिएटर दारापेक्षा रुंद झालेलं. मी ओरडून विचारलं. बाबांनी माझ्या हातात त्यांची मापपट्टी दिली आणि सांगितलं, "मोज." ती श्रिंकेजची पट्टी. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा जरासा मोठा असतो. रिटायर झाले तरी घरातलं सगळं ते त्याच पट्टीने मोजतात, आणि आमच्या त्या घरातलं प्रत्येक फडताळ केसभर मोठं होतं.

"मोजू कशाला," मी म्हटलं, "दिसतंय ना मला. आणि हे थिएटर विठ्ठलवाडीच्या खोलीत कुठे ठेवणार आहात? मला तर काही विचारायचंच नाही असं ठरवलंय तुम्ही." बाबा पटाशीला धार लावत बसले. मावशी जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ओरडून काय होणार गं, त्यांना लिहून दे ना." मी म्हटलं, बापाला अर्ज करू का मी? मावशींनी भाजीचं भांडं तेवढं परत आणून द्यायला सांगितलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी थिएटर चार तुकड्यांत बाहेर आलं, मजल्यामागे एक, प्रत्येक कुशीवर वळवून. आवारात जोडून उभं केलं तेव्हा सगळे भोवती जमले. सागवानी रंग, बॉक्सला लाल मखमलीच्या पट्ट्या, स्टेजवर दीड फुटाचा गणपती. बरोबर समोर मधोमध एक जास्तीचा, एक्केचाळिसावा बॉक्स होता. इटलीत तो राजाचा असतो. सेक्रेटरी काका त्यावर सोसायटी ऑफिस म्हणून डोळा ठेवून होते. बाबांनी त्यात उंदीर बसवला, गणपतीकडे तोंड करून. त्यावर कोणालाच हरकत घेता येईना.

सात दिवस लोक रांगेने यायचे आणि गणपतीकडे पाठ करून आपला बॉक्स शोधायचे. लेकीसुना माहेरी आल्या की त्यांना आधी बॉक्स दाखवायचे. रोज आरती संपली की कोणीतरी आपल्या बॉक्ससमोर वाकून म्हणायचं, "इथून छान दिसतो हं बाप्पा."

विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी थिएटरचं काय करायचं ते ठरवायला सगळे जमले. सेक्रेटरी काका म्हणाले, बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये ठेवू. ते दोघे न बोलणारे भाऊ म्हणाले, आमचा हिस्सा द्या. मग प्रत्येकालाच हिस्सा हवा झाला. कोणी कल्याणला जाणार होतं, कोणी कळव्याला, कोणी थेट गावी, आणि बॉक्स बरोबर हवा होता. एकाने तर करवत आणलेली. माझं डोकं सटकलं. मी थिएटरसमोर हात पसरून उभी राहिले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. की हे अख्खं राहील, माझ्या बापाने चार महिने पाठ मोडून केलंय, तुमचे अर्ज घाला चुलीत. खरं तर मला रडू येत होतं. ते थिएटर मोडलं की बाबा विठ्ठलवाडीला निघून जाणार, असं माझ्या डोक्यात बसलेलं.

बाबांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं. लाकडी हातोडीने वरच्या मजल्यावर दोन बारीक ठोके दिले. पहिला बॉक्स खणासारखा पुढे आला. मग दुसरा, तिसरा. सगळे सुटे होते, पहिल्या दिवसापासून. "पॅटर्न वाळूतून सुटला पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर साचा फुटतो."

प्रत्येक बॉक्सच्या बुडाला पेन्सिलीने फ्लॅट नंबर होता आणि त्याखाली ज्याने त्याने अर्जात मागितलेलं. एवढे अर्ज, त्यांनी सगळे वाचलेले. मालकाला एक आणि भाडेकरूला एक, म्हणून उंदराचा बॉक्स भाडेकरूकडे गेला, उंदरासकट. भावांच्या बॉक्समधलं पार्टिशन सरकतं होतं, धाकट्याने ते तिथल्या तिथे सरकवून पाहिलं आणि परत लावलं. मावशींनी लिहिलेलं, 'शेजार आहे तोच राहू दे.' त्यांचा आणि शेजारणीचा बॉक्स सुटतच नव्हता, बाबांनी तेवढा सांधा सरस लावून पक्का केलेला. एक बदलापूरला चाललेली, दुसरी कल्याणला. दोघींनी सहा-सहा महिने वाटून घेतले.

दुपारपर्यंत आवारात फक्त रिकामं स्टेज राहिलं. आणि बाबांचा बॉक्स, बुडाला फक्त नंबर, बाकी काही नाही. मी तो उलटसुलट करून पाहिला.

"यावर काही नाही लिहिलं?" मी ओरडले.

"अर्ज कुठे आला," बाबा म्हणाले.

मी आवारातल्या बाकावर बसले, पर्समधून आमच्या टूरचं एक माहितीपत्रक काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. विषय: डोंबिवलीला राहायला येण्याबाबत. महोदय, विठ्ठलवाडीला बेल वाजेल आणि तुम्हाला ऐकू येणार नाही, याची मला भीती वाटते. रात्री झोप लागत नाही. मी आजवर तुम्हाला हुकूम केला, विचारलं कधीच नाही. माझ्याकडे याल का? बाल्कनी तुमच्या कामाला देईन. आपली मुलगी.

त्यांनी ते दोनदा वाचलं. कानामागची पेन्सिल काढून खाली लिहिलं, 'बाल्कनी किती?' आणि ती पट्टी माझ्या हातात दिली. मी त्याच संध्याकाळी घरी जाऊन मोजून फोनवर लिहून पाठवलं.

त्यांच्या पट्टीने माझी बाल्कनी इंचभर कमी भरते. दसऱ्यापासून रोज ऐकवतात.