एक रेकॉर्ड, दोन वादक

दोन निरनिराळ्या वादकांची तुलना करतो म्हणून मी एकच रेकॉर्ड दोनदा ऐकली आणि दुसरा वादक पहिल्यापेक्षा थोर ठरवला. तेही मुलगी पाहायला गेलो असताना.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जाफराबादेत मास्तर होतो. जालन्याच्या मस्तगडातल्या मुलीच्या घरी मामांबरोबर गेलो. मुलीचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. तिथली विलायती डॉक्टरीण मायदेशी परतताना त्यांना रेकॉर्ड प्लेअर आणि थोड्या रेकॉर्डी देऊन गेली होती. त्यात बरोक काळातली, म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीची, एकट्या व्हायोलिनची एक प्रसिद्ध रचना दोन वादकांनी दोन वेगळ्या रेकॉर्डींवर वाजवलेली. त्यातला श्रेष्ठ कोण, हे वडिलांचं काही ठरेना, आणि अख्ख्या जालन्यात विचारणार कुणाला? नेमकं आमच्या मामांनी आधीच कळवून ठेवलेलं, "भाच्याला विलायती संगीतातलं बराबर कळतं." खरं तर औरंगाबादेला शिकताना रेडिओवर असलं काही लागलं, तर मी तो बंद करत नसे. एवढाच माझा अभ्यास.

दार मुलीनंच उघडलं होतं आणि ती मला तिथंच पसंत पडली होती. त्यामुळं आता नापास होऊन चालणार नव्हतं. वडिलांनी रेकॉर्डीला हात घातला तसा मी म्हणालो, "राहू द्या, मीच लावतो." जाणकार माणूस स्वतः लावतो, अशी माझी समजूत.

पहिली रेकॉर्ड वाजली. मी डोळे मिटले. मामांनीही मिटले, ते मात्र लवकर उघडले नाहीत. बाजू संपल्यावर मी ती काढून दुसरीशेजारी पलंगावर ठेवली. मुलीनं पोहे आणले. ते संपवून मी बोटं रुमालाला पुसली, पलंगावरची रेकॉर्ड उचलली आणि ऐटीत लावली.

तोवर दिवेलागण झाली होती. वस्तीतले दिवे लागले की व्होल्टेज पडायचं आणि तो प्लेअर जरा मंद फिरायचा. हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी कळलं ते इतकंच, की हा वादक जास्त गंभीर आहे.

"पहिल्याला घाई फार," मी सुरू झालो. "बोटं तयार आहेत, पण मन नाही. हा बघा. यानं आयुष्यात काहीतरी गमावलंय."

"काय गमावलं असंल?" वडिलांनी काळजीनं विचारलं.

"बायको असावी."

मामा दचकून जागे झाले. "बिलकुल! मी बी तेच म्हणून राह्यलो होतो."

वडील हेलावले. "इतके दिवस ऐकून राह्यलो, पण आपल्याला हे कधी जाणवलंच न्हाई."

तेवढ्यात मुलगी आतून आली. हातात रेकॉर्ड. "बाबा, दुसरी तर ही माझ्याकडं हाय. पोह्याचं तेल लागंल म्हणून मी मघाच उचलल्ती. त्यांनी पहिलीच परत लावली."

मामा दारातल्या आपल्या चपलांकडं बघू लागले.

"मंग आधी का न्हाई बोललीस?" वडील म्हणाले.

"कुठपर्यंत जातात ते बघून राह्यले होते."

"अन् आता? यांना काय सांगायचं?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मी चष्मा काढून काच पुसत होतो. काच स्वच्छच होती.

"थाप नव्हती ती, बाबा. यांना खरंच वेगळं ऐकू आलं. काही म्हणजे काही कळत न्हाई यांना," ती म्हणाली. "मला चालतील."